हौसाने नाव घेतलं त्या दिवशी

"हलू नकोस गं, पिन टोचेल," मी हौसाला म्हणाले, आणि टोचली ती माझ्याच बोटात.

सकाळचे साडेनऊ झाले होते. माझ्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत हौसा आरशासमोर ताठ उभी होती. अंगावर माझी अंजिरी नऊवारी. तिची स्वतःची लुगडी दोनच, तीही धुऊन धुऊन विटलेली. दुपारी कार्यक्रमाला येणाऱ्या जनरलसाहेबांच्या मिसेससमोर असली लुगडी चालणार नाहीत, असं आमच्या कर्नलीणबाईंचं फर्मान होतं. तेव्हा साडी माझी, नथ माझी, अंबाड्यावरचं फूल तेवढं तिने डोंगरातून खुडून आणलेलं.

"म्हण बघू एकदा," मी म्हटलं.

"आता नगं, बाईसाहेब. आठ दिस झालं, नुसतं नावच घेतीया. सारखं घिऊन घिऊन झिजंल की त्ये."

"काही झिजत नाही. म्हण."

तिने पदराचं टोक तोंडाशी नेलं, मी ते खाली ओढलं, मग कुठे ती म्हणाली:

"उंच उंच डोंगर, वर बर्फाचा थर,
बळवंतराव पहाऱ्याला, निर्धास्त माझं घर."

आणि म्हणून झाल्यावर अशी काही लाजली, की मलाच हसू फुटलं. 'निर्धास्त' हा शब्द माझा. तिने आधी 'सुखी माझं घर' जुळवलं होतं, मला ते पुळचट वाटलं. मी तिला सांगितलं, जरा वजनदार शब्द हवा. तिला तो उच्चारायला दोन दिवस लागले.

हे त्र्याहत्तर सालचं. आमची पलटण तेव्हा ईशान्येला, सरहद्दीच्या अगदी कडेला, रिमटोंग नावाच्या ठाण्यावर होती. खाली खोऱ्यात पलटणीचं मुख्य ठाणं आणि बायकांसाठी बारा-पंधरा पत्र्याचे क्वार्टर्स. तिथून ट्रकने तीन तास चढून गेलं की वरची चौकी. बाजार नाही, रस्ता म्हणावा असा रस्ता नाही, टपाल आठवड्यातून एकदा. जवान सगळे मराठी, अधिकारी कुठले कुठले. अधिकाऱ्यांच्या बायकांत मराठी मी एकटीच. त्यामुळे जवानांच्या बायकांचं रडणं, भांडणं, बाळंतपणं, सगळं माझ्याकडे यायचं, आणि तिकडून वरचे हुकूम त्यांच्याकडे जायचे तेही माझ्याच तोंडून.

हौसा खटावकडची. वय असेल एकवीस. लग्नाला तीन वर्षं झालेली, पण नवऱ्याचा सहवास म्हणाल तर दोन सुट्ट्या, आणि इथे आल्यावर अठरा दिवस. एकोणिसाव्या दिवशी लान्सनायक बळवंत साळुंखे वरच्या चौकीवर गेला, त्याला दोन महिने झाले होते. या बाईने जन्मात कधी त्याचं नाव उच्चारलं नव्हतं. 'आमचं ह्ये.' डॉक्टरने विचारलं तरी 'आमचं ह्ये.' तिच्या तोंडून चारचौघांत नाव वदवायचं, ही कल्पना माझीच. महाराष्ट्राचा काहीतरी खास आयटम हवा म्हणून कर्नलीणबाई माझ्या मागे लागल्या होत्या, आणि मला मेलीला उखाणा सुचला.

तेवढ्यात हे आले. माझे यजमान, कॅप्टन दिघे, पलटणीचे ॲडज्युटंट होते. येणारा प्रत्येक निरोप आधी त्यांच्या टेबलावर यायचा. दारात उभे राहिले, हौसाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"इंदू, जरा आत ये."

"पाच मिनिटं. पिना लावतेय."

"आत्ता ये."

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी स्टोव्ह पेटवला. वर काही ठेवलं नाही, नुसताच पेटवला. आवाज व्हावा म्हणून, हे मला नंतर कळलं.

"बळवंत साळुंखे गेला," ते म्हणाले.

"कुठे?" मी विचारलं.

खरंच, असं विचारलं मी. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"काल संध्याकाळी. चौकीच्या खालच्या वळणावर दरड आली. बाहेर काढला तेव्हा धुगधुगी होती. सातला संपलं. रात्री वायरलेस चालत नव्हता, निरोप आत्ता आला."

"अहो, पण ती बाहेर माझ्या नऊवारीत उभी आहे!"

"हळू बोल. ऐक. वर बर्फ सुरू झालंय, उद्या रस्ता बंद होईल. प्रेत खाली आणायला माणसं नाहीत, अर्धी चौकी दरड उपसतेय. आज चार वाजता तिथेच दहन करायचं ठरलंय. वर झाड नाही की झुडूप नाही, म्हणून बाराच्या गाडीने लाकडं चाललीत."

"मग त्या गाडीत हौसाला बसवा. तीनला पोचेल. बघेल तरी."

"ते मी ठरवत नाही. कर्नलसाहेब हेलिपॅडच्या तयारीला गेलेत, जनरलसाहेब बाराला उतरतायत. जाताना म्हणाले, बायकांच्या बाबतीतलं मिसेस भंडारी बघतील."

"आणि तुम्ही 'येस सर' म्हणालात."

त्यांनी स्टोव्हला आणखी दोन पंप मारले. मी चपला सरकवल्या आणि मागच्या दाराने निघाले. हौसाला आतूनच ओरडून सांगितलं, "बसू नकोस हं, चुण्या मोडतील!" आता काय सांगू, तोंडातून तेच आलं.

मिसेस भंडारी, म्हणजे आमच्या कर्नलीणबाई, वेल्फेअर सेंटरच्या हॉलमध्ये सोफ्याला पांढरं कव्हर घालत होत्या. बाई वाईट नव्हत्या. गोवराच्या साथीत पंधरा दिवस पोरांच्या उशाशी बसल्या होत्या, आम्ही सगळ्या बघत होतो. त्या हिंदीत आणि इंग्रजीत बोलायच्या, मी मराठीत सांगते.

"कळलंय मला," मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या. "पाच वाजता सांगू. पाहुणे साडेचारला जातील. मी स्वतः येईन तिच्याकडे. तू बरोबर ये, भाषेसाठी."

"मॅडम, चार वाजता तर तिकडे सगळं आटपणार. बाराची गाडी आहे. ती गेली तर नवऱ्याचं तोंड तरी..."

"दरडीखालून काढलेलं माणूस तू बघितलंयस कधी? मी बघितलंय. आयुष्यभर तेवढंच डोळ्यांसमोर राहतं. तीन तास आदळत न्यायचं तिला, ते दाखवायला?"

"ते तिला ठरवू दे ना."

"ती एकवीस वर्षांची आहे, इंदू. काय ठरवणार आहे? आणि आता तिला सांगितलं की सगळ्या क्वार्टर्समध्ये रडारड. कार्यक्रम संपलाच म्हण. दोन महिने राबल्यात या पोरी. जनरलसाहेबांच्या मिसेसनी मनावर घेतलं तर इथे बायकांसाठी दवाखाना होतोय. एका बाईचं रडणं सहा-सात तास पुढे गेलं, तर गेलेला माणूस परत येणार आहे का?"

भांडायला हवं होतं. मी म्हटलं, "मग निदान तिचं नाव यादीतून काढा. तो उखाणा आहे, मॅडम. त्यात नवऱ्याचं नाव घेतात. सवाष्ण बाई घेते. ज्याचं नाव घ्यायचं तो..."

"दोन ओळींची कविता आहे ती. आणि छापील यादी पाहुण्यांकडे गेलीय. नाव काढलं तर ती विचारेल, का काढलं. काय सांगशील?" त्यांनी कव्हरचं टोक माझ्याकडे सरकवलं. "दिघेच्या स्टाफ कॉलेजचा कागद कर्नलसाहेबांच्या टेबलावर आहे. आज-उद्या सही होईल. तुला माहीतच असेल म्हणा."

मला माहीत होतं. यांच्या बढतीची वाट तिथूनच जायची. संतापाने माझे कान तापले. अशी चीड आली त्या बाईची, की सांगता सोय नाही. आणि मी काय केलं? कव्हर माझ्या बाजूने ओढून नीट खोचून दिलं.

घरी आले तर हौसा तशीच उभी. दीड तास बसली नव्हती. "चुण्या मोडत्याल म्हनलात न्हवं," म्हणाली. मी तिला स्टुलावर बसवलं, चहा दिला, पुन्हा एकदा काजळ घातलं. तिच्या हनुवटीला हात लावून मान वर केली आणि काजळ घातलं. रेघ सरळ आली.

बाराला पाच कमी असताना गाडी आमच्या क्वार्टर्सच्या वळणाशी आली. त्या वळणावर गाड्या हळू व्हायच्या, कधी थांबायच्या, बायका वर नवऱ्यांना काहीबाही पाठवायच्या. घुरघुर ऐकल्याबरोबर हौसा उठली.

"बाईसाहेब, वरची गाडी! डबा द्यायचा व्हता मला. कालच करंज्या केल्यात्या."

"अगं, साडी..." मी म्हणेपर्यंत ती ओचा उचलून धावत सुटली सुद्धा. घरातून पितळी डबा घेऊन आली, फडक्यात बांधलेला. मी तिच्या मागे. ट्रक उभा राहिला होता. ड्रायव्हर कऱ्हाडकडचा, जुना माणूस. हौसाला बघितलं, तिच्या मागे मला बघितलं. मी मान हलवली. म्हणजे, नको. बोलू नकोस. त्याने ते बरोबर ओळखलं.

"दादा, एवढं द्या आमच्या ह्यास्नी. म्हनावं आधी खावा, मग वाटा. न्हाईतर सगळ्या चौकीला वाटत बसत्यात आन सोत्ता उपाशी."

"देतो, वहिनी," तो म्हणाला. डबा घेऊन त्याने मांडीवर ठेवला.

हौसाने टाचा उंचावून मागे डोकावलं. ताडपत्रीखाली लाकडं रचलेली होती, ओंडकेच्या ओंडके, आणि कडेला तुपाचा डबा.

"लई लाकडं की वो आज!"

"थंडी वाढलीय ना वर," मी म्हणाले.

"आन तूप बी? चैन हाय बाबा वरच्यांची." आणि मग एकदम माझ्याकडे वळून, डोळे असे चमकत होते तिचे, "बाईसाहेब, म्याच जाऊ का? ह्या लाकडांवर बसून जाते की. असं नटलेलं कवा बगत्यात मला! नाव तिकडंच घेते, त्येंच्या म्होरं. परत येते उद्याच्याला."

गंमत करत होती. पण 'जा' म्हटलं असतं तर गेली असती. तशीच, नथीसकट गेली असती.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मुद्दाम केलं. माझ्याकडे बघत राहिला. पुढे त्याच्या शेजारची अख्खी सीट रिकामी होती.

माझ्या तोंडात शब्द आले होते. खोटं नाही सांगत, अगदी दातांपाशी आले होते. तेवढ्यात हेलिकॉप्टरचा आवाज झाला, सगळ्या बायका माना वर करून ओरडायला लागल्या, "आलं, आलं!" आणि मी म्हणाले, "वेडी का तू? गाडीत जागा कुठे आहे?"

"व्हय की," हौसा म्हणाली. "लाकडंच लाकडं."

गाडी गेली. ती धूळ खाली बसेपर्यंत हात हलवत होती.

कार्यक्रम दोनला सुरू झाला. जनरलसाहेबांच्या मिसेस गोऱ्यापान, हसऱ्या, मोत्यांचा सर घातलेल्या. मी त्यांच्या सोफ्याच्या मागे खुर्ची घेऊन बसले होते, भाषांतराला. आधी स्वागतगीत झालं, मग झिम्मा झाला. झिम्म्यात हौसा सगळ्यांत पुढे. मग टाळ्या थांबल्यावर ती एकटीच मध्ये उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून 'हं' केलं. दुसरं कोण करणार? आठ दिवस मीच शिकवत होते ना.

"उंच उंच डोंगर, वर बर्फाचा थर,
बळवंतराव पहाऱ्याला, निर्धास्त माझं घर."

एका दमात म्हणाली. 'निर्धास्त' स्वच्छ आलं. बायकांनी असा गलका केला, की पत्रे वाजले. हौसाने नाव घेतलं! 'आमचं ह्ये'वाल्या हौसाने!

"काय म्हणाली ती?" पाहुण्या मागे वळल्या.

मी सांगितलं. डोंगर, बर्फ, पहारा, घर. तिच्या नवऱ्याचं नाव बळवंत.

"किती गोड! आणि तो आत्ता खरंच वर आहे?"

"हो," मी म्हणाले. "वरच आहे."

"पुन्हा म्हणायला सांग ना. मला ते नाव नीट ऐकायचंय."

मिसेस भंडारींनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. पण त्यांनी पदर सारखा केला, आणि मी हौसाला म्हटलं, "हौसा, पुन्हा घे गं. बाईंना फार आवडलं."

तिने पुन्हा घेतलं. या खेपेला लाजली नाही. मान वर करून, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून घेतलं. पाहुण्यांनी उठून तिला जवळ घेतलं आणि बक्षीस म्हणून लाल थर्मास दिला.

साडेचारला हेलिकॉप्टर गेलं. पाच वाजता मी आणि मिसेस भंडारी हौसाच्या दारात उभ्या होतो. ती अजून त्याच साडीत, थर्मास मांडीवर घेऊन त्याचं झाकण उघडत होती आणि लावत होती. आम्हाला दोघींना बघून उठली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि थर्मास हळूच खाली ठेवला.

सांगितलं मी. दोनच वाक्यं होती. मिसेस भंडारींनी तिचा हात धरला होता. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते, हेही सांगायला हवं.

हौसा लगेच रडली नाही. तिने विचारलं, "कवा?"

"काय विचारतेय?" मिसेस भंडारी म्हणाल्या.

"कधी, म्हणून."

"आत्ताच खबर आली म्हण. आत्ताच."

मी हौसाला म्हणाले, "आत्ता. चारच्या सुमारास. रस्ता बंद होतोय म्हणून तिथेच सगळं करावं लागतंय."

बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं तिने.

"म्हंजी म्या नाव घेतलं तवा व्हते?"

काय म्हणायला हवं होतं, ते मला आजही कळत नाही. मी म्हणाले, "होते."

"दोन्ही येळंला?"

"दोन्ही वेळेला."

मग ती रडली. माझ्या खांद्यावर डोकं आपटून आपटून रडली, आणि रडता रडता म्हणत होती, "बरं झालं बाई, तुमी शिकिवलं. आयकू गेलं आसंल त्यास्नी. तुमी व्हता म्हनून." नथ तिच्या नाकातून मीच काढली.

चौथ्या दिवशी अस्थी पायवाटेने खाली आल्या, तांब्यात. एक हवालदार आणि हौसा गावी गेले. एप्रिलमध्ये आम्हीही रिमटोंग सोडलं. यांचं स्टाफ कॉलेजला नाव लागलं होतं. दवाखाना झाला की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

सतरा वर्षांनी, पुण्यात, सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. हे तेव्हा नुकतेच ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झालेले. वानवडीचा बंगला, बाहेर नावाची पाटी, सगळं रीतसर. दारात हातात प्लॅस्टिकची पिशवी घेतलेली एक बाई, कपाळ मोकळं, केस पुढून पांढरे. मी ओळखलं नाही. तिने ओळखलं.

"बाईसाहेब, म्या हौसा. साळुंख्यांची. सैनिक बोर्डातनं पत्ता घेतला."

मी तिला आत घेतलं, पोटाशी धरलं. खरा आनंद झाला मला, काय लपवायचं? यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं, "कोण, साळुंखे? बरं, बरं," म्हणाले आणि "बसा तुम्ही," म्हणत आतल्या खोलीत निघून गेले. मी चहा ठेवला. ती सोफ्यावर बसेना, सतरंजीवर बसली. मुलंबाळं नाहीत, दिराच्या घरी राहते, दोन म्हशी आहेत, असं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "म्या शाळा शिकले. रातच्याला न्हाई, दुपारच्या वर्गाला. मोठ्या बायांचा वर्ग निगाला गावात. वाचाया येतं आता मला."

"अरे वा!"

"पयलं काय वाचलं ठावं हाय? ह्ये." तिने पिशवीतून कागद काढला. पलटणीचा शिक्का, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. "दिराच्या पेटीत असायचं. पेन्शनच्या कामाला त्योच न्यायचा. म्या सोत्ता कवा बगितलं न्हवतं. म्हनलं, आदी त्येंचं नाव वाचू." तिने नावाखाली बोट धरलं आणि मला वाचून दाखवलं, अक्षर अक्षर लावून. मग बोट खाली नेलं. "हितं मृत्यू म्हनून ल्हिलंय. चौदा नोव्हेंबर. संध्याकाळी सात."

मी कपात चहा ओतत होते.

"कार्यक्रम पंधराला व्हता, बाईसाहेब. माझ्या चांगलं ध्यानात हाय. तुमी म्हनलावता चार वाजता, त्याच दिशी. मंग कागद चुकला का?"

बघा, अजूनही तिने माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. कागद चुकला, एवढं म्हटलं असतं तर विश्वास ठेवून गेली असती. कारकुनाच्या नावाने दोन शिव्या घातल्या असत्या आणि चहा पिऊन गेली असती. पण मी तेव्हा पन्नाशीला आले होते, आणि कंटाळा आला होता मला. चांगुलपणा नव्हता तो. नुसता कंटाळा आला होता त्या चार वाजल्यांचा.

"कागद बरोबर आहे," मी म्हणाले.

"म्हंजी म्या नाव घेतलं तवा..."

"नव्हते."

"आन तुमास्नी ठावं व्हतं?"

"सकाळपासून."

तिने कागदाची घडी घातली. घडीवर घडी, जुन्याच रेषांवरून. पिशवीत ठेवला. मला वाटलं, आता ओरडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच बोलत सुटले. मिसेस भंडारी, हुकूम, तेव्हाची परिस्थिती, माझं वय. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मध्येच म्हणाली:

"म्या षष्ठी धरली."

"काय?"

"तिथी. पंधरा तारखंची षष्ठी येत व्हती. भटजी म्हनलं, ज्या दिशी गेले ती तिथी धरायची. दिराकडं तार आलीवती, त्यात चौदा तारीख ल्हिलीया, आसं त्यो म्हनत व्हता. म्या म्हनलं, तार चुकली आसंल, म्या तितं व्हते, मला बाईसाहेबांनी सांगितलंय. म्हून षष्ठी धरली. खरी पंचमी व्हती." ती माझ्याकडे बघत नव्हती, सतरंजीच्या पट्ट्यांकडे बघत बोलत होती. "दर वर्साला पान वाढते. करंजी करते, त्यास्नी आवडायची. पन कावळा शिवत न्हाई. दोन दोन तास हुबी ऱ्हाते उनात, न्हाई शिवत. मंग दीर दर्भाचा कावळा करतो आन शिववतो. म्या म्हनायची, माज्यावर रुसलं आसतील. मला काय बोलायचं ऱ्हायलं आसंल."

आतून यांच्या खोकल्याचा आवाज आला. दार लोटलेलं होतं.

हौसा उठली. चहा तसाच होता, वर साय धरली होती. चप्पल घालताना तिने भिंतीला हात टेकला, मी धरायला पुढे झाले तर हात बाजूला केला. रागाने नाही. परक्या माणसाचा करतो तसा.

"हौसा, अगं, काहीतरी बोल. शिव्या दे मला."

"काय बोलू?" ती म्हणाली. "नवरा जवान म्हनल्यावर मरायचाच कवातरी. तुमी काय त्यास्नी मारलं न्हाई. पन सतरा वर्सं, बाई... सतरा वर्सं मानूस उपाशी ठिवलात माजा."

आणि फाटक लावून, कडी नीट घालून ती गेली.